दाखल्यावर न येणारं कारण

माणूस गेला की डॉक्टर त्याच्या मृत्यूचं कारण लिहून देतात. त्या नमुन्यातल्या ओळी ठरलेल्या असतात: थेट कशाने मृत्यू आला, ते कशामुळे ओढवलं आणि त्याच्याही मागे मूळ दुखणं कोणतं होतं. हृदय बंद पडलं, त्याआधी मूत्रपिंडं निकामी झाली होती, त्यामागे जुना मधुमेह. साखळी तिथे संपते. गेले चार दिवस आणि चार रात्री त्या माणसाच्या खोलीत किती उकाडा होता, याची नोंद त्या कागदावर सहसा होत नाही.

हवामानबदल आणि सार्वजनिक आरोग्य या विषयावर जसजसं वाचत गेले, तसतसा हा कागद मला जास्त अस्वस्थ करू लागला. तापलेली हवा स्वतःच्या नावाने क्वचितच मारते. तिचे बळी हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचे आजार, हिवताप यांच्या खात्यात जमा होतात. आणि जे मोजलं जात नाही, त्यासाठी कुणी अंदाजपत्रकात पैसे ठेवत नाही, माणसं नेमत नाही, औषधांचा साठा करत नाही. सार्वजनिक आरोग्याची निम्मी लढाई मोजणीची असते, असं मला आता ठामपणे वाटतं.

आधी शरीराचं पाहू. आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राखण्याचं काम आपल्या नकळत रात्रंदिवस चालू असतं. बाहेर उकडू लागलं की हृदयाचे ठोके वाढतात, रक्त कातडीकडे वळतं, घाम सुटतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की घाम वाळण्याखेरीज उष्णता बाहेर टाकायचा दुसरा मार्ग उरत नाही, उलट हवाच अंग तापवू लागते. त्यात हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो.

कातडीला जास्त रक्त द्यायचं तर ते कुठून तरी काढावं लागतं, आणि ते काढलं जातं आतड्यांकडून. हे फार वेळ चाललं की आतड्यांचं अस्तर कमजोर होतं, तिथल्या जिवाणूंची विषारी द्रव्यं रक्तात झिरपतात, अंगभर दाह उसळतो, रक्त नको तिथे गोठू लागतं. माणूस असंबद्ध बोलू लागतो, शुद्ध हरपते. आतलं तापमान तोवर 40 अंशांच्या पुढे गेलेलं असतं. हा उष्माघात. पण उष्णतेने दगावणाऱ्यांतले बरेच जण इथवर पोचतच नाहीत. दिवसरात्र जादा काम करणारं थकलेलं हृदय त्याआधीच साथ सोडतं, आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. तसं लिहिण्यात खोटं काही नसतं. अपुरं मात्र असतं.

तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून मोजलेल्या तापमानाला वेट-बल्ब तापमान म्हणतात. उष्णता आणि दमटपणा दोन्ही त्यात येतात. हे तापमान 35 अंशांवर काही तास राहिलं तर सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूसही तगू शकणार नाही, असं 2010 साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांना नियंत्रित खोलीत हलकं काम करायला लावून प्रत्यक्ष मोजमाप झालं. दमट हवेत वेट-बल्ब तापमान 30-31 अंशांच्या आसपास असतानाच त्यांच्या शरीराचं तापमान आवरेनासं होऊन चढू लागलं. कागदावरची मर्यादा शरीराला खूपच उदार ठरली होती. आणि ही तरुणांची गोष्ट. सत्तरीच्या माणसाला घाम कमी येतो, तहानही कमी लागते.

त्यात गोळ्यांची भर पडते. सूज आणि रक्तदाब कमी करण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात, त्या शरीरातलं पाणी काढतात. बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि उन्हाळ्यात तर शरीराला ठोके वाढवूनच निभावायचं असतं. काही मानसिक आजारांवरची औषधं घाम कमी करतात किंवा मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणाच मंद करतात. ही औषधं आवश्यक आहेत, त्यांनी माणसं जगतात, ती आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. पण ती ज्या उन्हाळ्यांत तपासली गेली, त्यांहून हे उन्हाळे कडक आहेत. औषधाच्या मात्रेचा विचार करताना ऋतूचाही विचार व्हायला हवा. ही साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी अजून डॉक्टर आणि रुग्ण यांच्या बोलण्यातच आलेली नाही.

आता मोजणीकडे येते. जुलै 1995 मध्ये शिकागो शहरात काही दिवस भयंकर उकाडा पडला. शवागारात जागा पुरेना, म्हणून बाहेर शीतपेटीचे ट्रक उभे करावे लागले. तिथले मुख्य वैद्यकीय परीक्षक एडमंड डोनोह्यू यांनी उष्णतेचे मृत्यू कसे ओळखायचे याचे निकष ठरवले: मृतदेहाचं तापमान, खोलीतला उकाडा, माणूस शेवटचा जिवंत कधी दिसला. त्याप्रमाणे त्यांनी शेकडो दाखल्यांवर उष्णता हे कारण नोंदवलं. महापौर रिचर्ड डेली यांनी जाहीरपणे शंका घेतली की, उन्हाळ्यात मेलेला प्रत्येक माणूस काय उकाड्यानेच मेला? मग साथरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या बाजूने हिशेब केला. त्या आठवड्यात एरवी किती माणसं दगावली असती आणि प्रत्यक्षात किती दगावली, याची वजाबाकी केली. उत्तर आलं 739. डोनोह्यू यांचा आकडा त्याहून कमीच होता. अतिशयोक्तीचा आरोप झालेला माणूस खरं तर हात राखून मोजत होता.

त्या उकाड्यात कोण गेलं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांतही पुरुष जास्त. चोरीच्या भीतीने खिडक्या घट्ट लावून बसलेली. शेजारशेजारच्या दोन वस्त्या, दोन्हीकडे गरिबी आणि एकटे वृद्ध, पण एकीकडे मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट. जिथे रस्ते गजबजलेले होते, माणसं दारात आणि दुकानांत ये-जा करत होती, तिथे वृद्ध घराबाहेर पडले आणि वाचले. ओस पडलेल्या वस्तीतले आतच राहिले. वातानुकूलन यंत्राइतकंच चालतं-बोलतं शेजारपण जीव वाचवतं, आणि ते राखणं हेही आरोग्य खात्याचं काम आहे, असं म्हणायला मी कचरणार नाही.

युरोपात 2003 च्या उन्हाळ्यात सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली. ती संख्या नीट कळायला काही वर्षं जावी लागली. 2022 च्या उन्हाळ्यात पुन्हा साठ हजारांच्या वर. श्रीमंत देश, उत्तम रुग्णालयं, नोंदणीची शंभर वर्षांची शिस्त, आणि तरीही.

मोजलं की काय होतं, हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने दाखवलं. जून 2021 च्या अखेरीस तिथल्या लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला. प्रांताच्या कॉरोनर कार्यालयाने, म्हणजे मृत्यूंच्या कारणांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याने, त्या दिवसांतल्या संशयास्पद मृत्यूंचा एकेक करून तपास केला आणि 619 जण उष्णतेने गेल्याचं नोंदवलं. जवळजवळ सगळे घराच्या आत दगावले होते. निम्म्याहून जास्त एकटे राहत होते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचे रुग्ण त्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होते. ही माहिती हाती आल्यावर दोन वर्षांनी प्रांताने कमी उत्पन्नाच्या, जोखमीच्या लोकांना घरासाठी मोफत थंडावा यंत्रं द्यायला सुरुवात केली. नुसतं ‘उन्हापासून सावध राहा’ असं आवाहन करून थांबले असते, तर घरात एकट्याने तापणाऱ्या माणसापर्यंत काय पोचलं असतं?

अहमदाबादचं उदाहरण तर मला फार आवडतं, कारण तिथे पैशापेक्षा लक्ष जास्त खर्च झालं. मे 2010 मध्ये त्या शहरात पारा 46.8 अंशांपर्यंत चढला. उष्माघाताच्या नोंदी मोजक्याच होत्या. पण महिन्यातल्या एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केल्यावर 1,344 जादा मृत्यू निघाले. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतले दिलीप मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेबरोबर काम करून 2013 साली उष्णतेचा कृती आराखडा उभा केला. दक्षिण आशियातल्या कुठल्याही शहराचा असा तो पहिला आराखडा. इशाऱ्यांचे रंग, डॉक्टरांचं प्रशिक्षण, पाण्याची सोय, कुणी कुणाला कळवायचं याची यादी. शहरातल्या एका रुग्णालयात प्रसूती वॉर्ड अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खाली आणल्यावर उकाड्यामुळे अतिदक्षता विभागात न्यावी लागणारी नवजात बाळं कमी झाली. एका वॉर्डाने मजला बदलला, त्यात बाळं वाचली. हवामानबदलाशी लढणं म्हणजे फक्त जागतिक परिषदा आणि करार असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे नेहमी सांगते.

मध्य अमेरिकेतल्या निकारागुआ आणि एल साल्वादोरमधल्या ऊसतोड कामगारांच्या मूत्रपिंडांची कहाणी यापेक्षा संथ आणि म्हणून जास्त क्रूर आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचं, आणि मूत्रपिंडं निकामी. डॉक्टर चक्रावले. कीटकनाशकं, जड धातू, पाणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि नेमक्या कारणांवरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण रणरणत्या उन्हात तासन्‌तास कष्टाचं काम, शरीरातलं पाणी आटणं आणि रोजच्या रोज मूत्रपिंडाला होणारी बारीक इजा, हे त्यातलं मोठं कारण असल्याचा पुरावा भक्कम होत गेला. निकारागुआतल्या एका साखर कारखान्यात पाणी, विश्रांती आणि सावली यांचं वेळापत्रक बांधून दिल्यावर मूत्रपिंडाच्या इजा ठळकपणे घटल्या. थोडी सावली आणि ठरावीक विश्रांती. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला विश्रांती म्हणजे बुडालेले पैसे, हे त्यात गृहीत धरावंच लागतं. म्हणून त्या विश्रांतीची मजुरी कोण देणार, हा प्रश्न डॉक्टरी नसला तरी आरोग्याचाच आहे.

वादळांचे आकडे तर मोजणीची परीक्षाच पाहतात. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर धडकलं. अधिकृत मृत्यू बराच काळ 64 सांगितले गेले. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने पुढच्या साधारण पाच महिन्यांतले जादा मृत्यू मोजले तेव्हा संख्या 2,975 निघाली. वादळाने थेट मारलेले थोडे होते. वीज महिनोन्‌महिने नव्हती. डायलिसिसची यंत्रं बंद, प्राणवायूची यंत्रं बंद, इन्शुलिन थंड ठेवता येईना, रस्ते तुटल्याने रुग्णवाहिका पोचेना. वारा शांत झाल्यावर कितीतरी आठवड्यांनी आलेल्या त्या मृत्यूंच्या दाखल्यांवर वादळाचं नाव कोण लिहिणार?

डासांचं गणित थोडं वेगळं आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तातून डासाच्या पोटात गेला की लगेच पुढच्या माणसाला लागण होत नाही. तो आधी डासाच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचावा लागतो. 25 अंशांवर याला सरासरी पंधरा दिवस लागतात, 30 अंशांवर साधारण साडेसहा. मादी डास फार तर काही आठवडे जगते. पंधरा दिवस लागणार असतील तर कितीतरी डास विषाणू पिकण्याआधीच मरतात, साडेसहा लागणार असतील तर त्यांतले बरेच डास चावायला उरतात. पाच अंशांचा हा फरक आहे. 2024 मध्ये जगभरात डेंग्यूचे 1 कोटी 40 लाखांहून जास्त रुग्ण नोंदवले गेले, तोवरचा हा उच्चांक. त्यामागे शहरांची बेशिस्त वाढ, साठवून ठेवावं लागणारं पाणी, विमानप्रवास ही कारणं आहेतच, सगळा दोष तापमानावर टाकणं बरोबर होणार नाही. उलट फार उकाड्यात डासही मरतात, त्यामुळे काही ठिकाणी उष्णता वाढून साथ ओसरूही शकते. पण फ्रान्समध्ये कुठेही प्रवास न केलेल्या माणसांना गावातल्याच डासांपासून डेंग्यू होऊ लागला आहे. कोलंबिया आणि इथिओपियाच्या डोंगराळ भागांत गरम वर्षी हिवताप अधिक उंचीवर चढतो आणि थंड वर्षी खाली उतरतो, हेही मोजलं गेलं आहे. उंचावरच्या माणसांना या तापाची सवय नसते, त्यामुळे त्यांना तो जास्त छळतो.

मीठ हा आजाराचा रस्ता असू शकतो, हे मला बांगलादेशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याबद्दल वाचताना पहिल्यांदा उमगलं. चढता समुद्र, वादळांबरोबर आत शिरलेलं खारं पाणी, उन्हाळ्यात आटलेल्या नद्या, त्यात कोळंबीची शेती. यामुळे तिथल्या तळ्यांतलं आणि विहिरींतलं पिण्याचं पाणी खारट होत गेलं. खुलना भागात झालेल्या एका अभ्यासात कोरड्या ऋतूत नुसत्या पाण्यातून रोज 5 ते 16 ग्रॅम सोडियम (मिठातला मुख्य घटक) पोटात जात असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यात मिळून ते 2 ग्रॅमच्या आत हवं. त्याच भागात गरोदर बायकांचा रक्तदाब पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत जास्त वेळा वाढलेला आढळला. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. तिथल्या बाईला डॉक्टर ‘मीठ कमी खा’ असं सांगत असतील, तर तिने काय करायचं? मीठ तिच्या घागरीत आहे. या विषयातलं इतकं वाचूनही ही एक गोष्ट मनातून जात नाही.

कधीकधी बातम्यांत वेगळंच काही येतं. 2016 च्या उन्हाळ्यात सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात कायम गोठलेली जमीन वितळून अँथ्रॅक्स या जीवघेण्या आजाराचा जिवाणू जागा झाला, दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, एक मुलगाही दगावला. अशा बातम्या जगभर फिरतात आणि बर्फातून काय काय बाहेर येईल याच्या भयकथा रंगतात. मला त्यांचं आकर्षण कळतं, पण भीती दुसऱ्याच गोष्टींची वाटते. जुलाब, हिवताप, कुपोषण, उकाडा. अगदी जुने, ओळखीचे, औषध ठाऊक असलेले. 2030 ते 2050 या काळात हवामानबदलामुळे दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2014 सालचा अंदाज मुख्यतः या चार कारणांवर बेतलेला आहे. मूत्रपिंडं, खारं पाणी, वणव्यांचा धूर, वादळानंतर बंद पडलेलं डायलिसिस हे त्या बेरजेत नाही. अडीच लाखांची संख्या म्हणूनच मला मोठी वाटत नाही, अर्धवट वाटते.

एखाद्या माणसाच्या बाबतीत ‘हा हवामानबदलाने गेला’ असं म्हणता येतं का, असा प्रश्न लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. एकट्या माणसाबद्दल ठामपणे सांगणं कठीण. पण लोकसंख्येबद्दल सांगता येतं. 43 देशांतल्या 732 ठिकाणांची 1991 ते 2018 ची आकडेवारी तपासून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या मृत्यूंपैकी सुमारे 37 टक्के माणसाने घडवलेल्या तापमानवाढीच्या खाती जातात. त्या 37 टक्क्यांतलं कोण आणि उरलेल्यांतलं कोण, हे नावानिशी सांगता येत नाही म्हणून ती माणसं काल्पनिक ठरत नाहीत.

दाखल्यावरची ओळ बदलू शकते, याचा एक दाखला लंडनमध्ये आहे. नऊ वर्षांची एला अडू-किस्सी-डेब्रा 2013 साली दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर 2020 मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. जी जळणं हवा विषारी करतात, त्यांतली बहुतेक पृथ्वीही तापवतात, म्हणून ही नोंद मला या विषयाच्या अगदी जवळची वाटते. पुढच्याच वर्षी, लिटन तापलं त्याच दिवसांत, ब्रिटिश कोलंबियातल्या एका तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने सत्तरीतल्या एका मधुमेही बाईच्या केसपेपरवर मूळ कारण म्हणून ‘हवामानबदल’ असं लिहिलं. ती थंडाव्याची सोय नसलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत होती. अशा नोंदीला वैद्यकीय शिस्तीत कितपत जागा आहे, यावर वाद झाला आणि व्हायला हवा. मला त्या नोंदीमागची घाई समजते. सलाइन लावून, ताप उतरवून त्या बाईला पुन्हा त्याच तापलेल्या घरात पाठवायचं होतं.

केसपेपरवर कारण काय लिहायचं ते तज्ज्ञ ठरवतील. त्याआधी काही प्रश्न रुग्णाला आजच विचारता येतील आणि त्याला खर्च येत नाही. रात्री तुमच्या खोलीत झोप लागण्याइतका गारवा असतो का? रात्र गार झाली नाही तर हृदयाला दिवसाचा ताण उतरवायला वेळच मिळत नाही, आणि लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. घरात सोबत कोण आहे? उन्हात काम करता का, मधे थांबू देतात का? या गोळ्यांपैकी कुठली उन्हाळ्यापुरती कमी करायची, हे डॉक्टरांनी उन्हाळा लागण्याआधी एकदा पाहिलं आहे का? हा शेवटचा प्रश्न आपल्या घरातल्या वयस्क माणसाच्या वतीने आपणही डॉक्टरांना विचारू शकतो. मी यंदा गोळ्यांची यादी घेऊन गेले होते. डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली आणि एका गोळीची मात्रा उन्हाळा संपेपर्यंत निम्मी केली.